मुनीमचं लंघन

४ एप्रिल

चि. वहिनीस आशीर्वाद.

तुझा ससा अजून जिवंत आहे, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं पत्र तू श्वास घेत घेत वाचशील.

रविवारी त्याचं खोकं आमच्या दारात ठेवलंस, चार पानी सूचना माझ्या हातात कोंबल्यास आणि गाडी चुकेल म्हणून चहाचा घोटसुद्धा न घेता निघालीस. सहा आठवड्यांचं ट्रेनिंग म्हणजे काही लढाई नव्हे. दोन मिनिटं बसली असतीस तर तुमचं विम्याचं ऑफिस बुडालं नसतं. असो. मुक्कामाच्या ठिकाणी टपाल गहाळ होतं म्हणतेस, तर मैत्रिणीच्या पत्त्यावरच लिहिते आहे. फोनचं मला सांगू नकोस. दुकानातल्या फोनवर कोणी बोललं की मला विहिरीत बेडूक बोलल्यासारखं ऐकू येतं.

आता तुझ्या सूचनांचं. पहिली दोन पानं मी वाचली. उरलेली दोन खोक्याला टेकवून ठेवली आणि भाजी निवडायला गेले, तर ती त्यानं खाल्ली. मुनीम नाव ठेवलंय आणि कागद खातो. बाळ्यानं नाव ठेवलं तेव्हाच मी म्हटलं होतं, पुढचे पाय जोडून बसला म्हणजे कोणी हिशेबनीस होत नाही.

त्याची जागा देवाच्या खोलीला लागून आहे, त्यामुळे सोमवारी त्याला कोमट पाण्यानं साबण लावून स्वच्छ आंघोळ घातली. तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून बसलाय. आमचे घड्याळजी म्हणाले, "लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यात माझंही तोंड असंच होतं." त्यांना घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बसून बसून असले विनोद सुचतात.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती लिहायलाही मला कसंतरी होतंय. काल पहाटे जपाला बसले होते. सहज मान वळवली तर हा आपल्याच मागे तोंड घालून आपलीच घाण खात होता. डोळे मिटून, चवीनं. मी जप अर्धा टाकून उठले आणि ते सगळं कागदानं टिपून बाहेर टाकलं. आज पहाटेही तेच. वहिनी, तू त्याला उपाशी ठेवत होतीस का? की हे काही वेड आहे? बाळ्याच्या मागे, माझ्या भावाचं म्हणून तुझ्याकडे एवढाच एक जीव उरलाय, म्हणून मी त्याला ठेवून घेतलं. नाहीतर असल्या खाण्याला माझ्या घरात थारा नाही.

तू तिथे काय जेवतेस ते कळव.

तुझी वन्सं

७ एप्रिल

ती. वन्संना नमस्कार.

पत्र वाचून हसू आलं आणि मग घाईनं पेन्सिल शोधली. अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घ्या.

वन्सं, ती घाण नव्हे. सशाच्या लेंड्या दोन प्रकारच्या असतात. एक कोरड्या, गोल, वाटाण्याएवढ्या. त्या केरात जायच्या. दुसऱ्या मऊ, चकचकीत, छोट्या द्राक्षांच्या घोसासारख्या. बहुतेक पहाटे किंवा निवांत असताना होतात. त्या त्याला खायच्याच असतात. गवतातलं सत्त्व एका फेरीत त्याच्या अंगी लागत नाही, म्हणून देवानं त्याला दुसरी फेरी दिली आहे. तुम्ही ते टिपून टाकलंत म्हणजे त्याच्या पुढ्यातलं ताट उचललंत. पहाटे त्याच्याकडे पाहू नका, तुमचा जपही पुरा होईल.

आंघोळ पुन्हा कधीही नको. ससा भिजला की गारठतो, घाबरतो, कधी कधी त्या धसक्यानं जातो. मागची बाजू खराब झाली तर तेवढाच भाग ओल्या फडक्यानं पुसून लगेच कोरडा करायचा. पण रोज बघा मात्र. दिवस उकाड्याचे आहेत. घाण राहिली तर माश्या बसतात, अंडी घालतात, आणि दोन दिवसांत किडे आतपर्यंत जातात.

वाळलं गवत त्याच्या अंगाएवढ्या ढिगानं, दिवसभर. थोडा पाला. गोड काही नको, बिस्किट तर नकोच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ससा दुखणं लपवतो. रानात दुखणं दाखवलं तर कोणीतरी उचलून नेतं, म्हणून मरायला टेकला तरी शहाण्यासारखा बसून राहतो. त्याच्या तोंडाकडे बघून काही कळत नाही. आत किती गेलं आणि बाहेर किती आलं, एवढ्यावरूनच कळतं. तुम्हाला वही ठेवायची सवय आहेच, तर लेंड्या मोजा. चांगला असला की दिवसाला दोनशेच्या वर असतात.

इथे सगळं व्यवस्थित. वर्ग बरे आहेत. खिडकीतून एक झाड दिसतं.

तुमची वहिनी

१० एप्रिल

चि. वहिनीस आशीर्वाद.

मॅट्रिकला मला गणितात शंभरातले अठ्ठ्याऐंशी होते. ते याच कामासाठी होते, हे आज समजलं.

वही केली आहे. घरखर्चाच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर रेघा मारल्या. डावीकडे 'गेले', उजवीकडे 'आले'. तुझं पत्र कालच आलं, पण केरात रोजची पुरचुंडी वेगळी होती, त्याही उघडून मोजल्या: सहा तारखेच्या दोनशे एकतीस, सातच्या दोनशे अठरा. मोजताना शेजारीण आली. म्हणाली, काय निवडताय? मी म्हटलं, मिरी. ती वाटीभर मागेल असं वाटलं होतं, पण डोळ्यांनी चांगली आहे, निमूट गेली.

पहाटेचं खाणं मी आता बघत नाही. देवाचीच योजना असेल तर माझी तक्रार नाही, फक्त त्यानं ती दुसऱ्या खोलीत करावी.

मात्र काल गडबड झाली. परवाचा आकडा एकदम नव्वदवर आला, आणि काल सकाळी सगळं पातळ, चिकट, मागच्या बाजूला लडबडलेलं. तू सांगितलंस तसं पुसलं, घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून माशीचं अंडं आहे का ते बघितलं. नव्हतं. भिंग डोळ्याला असतानाच मी विचारलं, काय दिलंत त्याला? भिंग लावलेला माणूस खोटं बोलू शकत नाही. चार दिवस दुकानातून येताना खिशातून बिस्किट आणून देत होते. "तो हात जोडून मागतो," म्हणे. अरे, त्याला दुसरं येतं काय?

पण काळजी करू नकोस. पोटाचा इलाज मला कोणी शिकवायला नको. काल संध्याकाळपासून त्याला लंघन घातलंय. गवत काढून घेतलं, फक्त पाणी. दोन दिवस पोटाला विसावा मिळाला की आपोआप ठिकाणावर येईल. आई गेली तेव्हा बाळ्या पाच वर्षांचा आणि मी सोळाची. त्याचं पोट बिघडलं की मी हेच करायचे, आणि तिसऱ्या दिवशी तो अंगणात हुंदडायचा. मुनीमही शहाण्यासारखा पडून आहे. एकदाही गवत मागितलं नाही. बाळ्या निदान रडायचा तरी.

तू पेन्सिलीनं का लिहिलंस? आणि काय जेवतेस ते लिहायचं राहिलं.

तुझी वन्सं

१२ एप्रिल

वन्सं,

पत्र आत्ता हातात पडलं. हे तुम्हाला मिळेपर्यंत दोन दिवस जातील, म्हणून एकीला दुकानात फोन करायला पाठवलंय. भावोजींनी निरोप दिला असेलच. तरी पुन्हा लिहिते.

लंघन माणसाला. सशाला नाही. सशाचं पोट थांबलं की पुन्हा सुरू होत नाही. त्याला उलटी करता येत नाही, आत आहे ते आतच कुजतं, पोट फुगतं. अर्धा दिवस खाल्लं नाही तरी धावपळ करायची असते. गवत पुढे ठेवा. खात नसेल तर डॉक्टरांना दाखवा. पोट ढोलासारखं कडक लागलं तर दाखवल्याशिवाय काही भरवू नका. अंगाला ऊब द्या. तो शहाण्यासारखा पडून नाही, वन्सं. त्याला दुखतंय.

हे तिसऱ्या पानावर होतं.

पेन हरवलंय, म्हणून पेन्सिल.

वहिनी

१२ एप्रिल

चि. वहिनीस आशीर्वाद.

दुपारी दुकानात कोण्या बाईचा फोन आला. घड्याळजी दुकान उघडं टाकून धावत घरी आले. ती बाई एवढंच म्हणाली, "पेशंटचा निरोप आहे, उपाशी ठेवू नका, खायला घाला," आणि फोन ठेवला. तू गुरांच्या दवाखान्यातल्या कोणाला तरी कळवलेलं दिसतंय. आमच्याकडे सशाला पेशंट म्हणायला लागलेत, म्हणजे मुनीमची बढती झाली.

गवत पुढे ठेवलंय. तो ठीक आहे. तू वर्गात लक्ष दे.

तुझी वन्सं

१५ एप्रिल

ती. वन्संना नमस्कार.

'ठीक आहे' हा शब्द मला नको. तो मी फार ऐकला आहे. मला आकडे पाठवा. दहा तारखेपासूनचे, रोजचे. शून्य असेल तर शून्य लिहा.

तुमचं पत्र आजवर कधी पान भरल्याशिवाय थांबलेलं नाही. या वेळी नऊ ओळी आहेत, मी मोजल्या. तुम्हीच मला सांगितलं होतंत ना, हिशेब लपवणाऱ्याची वही नेहमी स्वच्छ असते. तुमचं पत्र फार स्वच्छ आहे.

तो गेला असेल तर तसं लिहा. मी रडेन, पण मला कळू दे. न कळण्याचा मला वीट आलाय.

झाडावर काल दोन पोपट होते. आज नाहीत. दिवसभर वाट बघितली.

वहिनी

१८ एप्रिल

चि. वहिनीस आशीर्वाद.

तो आहे. आकडे देते, वहीत जसे आहेत तसे.

दहा तारीख, चौदा. अकरा, शून्य. बारा, शून्य. तेरा, सकाळी शून्य, संध्याकाळी तीन, तिळाएवढ्या. चौदा, नऊ. पंधरा, चाळीस. सोळा, सत्याहत्तर. काल, एकशे बारा.

मी 'ठीक आहे' लिहिलं तेव्हा तो पाठीची कमान करून कोपऱ्यात बसला होता आणि दात कराकरा वाजवत होता. तो आवाज मला ऐकू येत नाही, घड्याळजींना आला. कान गार लागत होते. गवत पुढे केलं तर मान वळवली. त्याच हातानं मी तुला 'ठीक आहे' लिहिलं, कारण मीच त्याच्या पुढचं काढून घेतलं होतं आणि ते मला कागदावर दिसायला नको होतं.

संध्याकाळी गुरांच्या डॉक्टरांना घरी आणलं. म्हणाले, वासरापेक्षा लहान पेशंट मी वीस वर्षांत बघितला नाही. पण माणूस भला. पोट चाचपलं, फुगलेलं नाही म्हणाले, कातडीखाली पाणी टोचलं, दुखण्याचं औषध दिलं. खोक्यात तू गवताच्या दाबलेल्या गोळ्यांची पिशवी ठेवली होतीस ना, त्या भिजवून, वाटून, बिनसुईच्या सिरिंजनं गालातून दर दोन तासांनी भरवायची. मी पोट चोळते, घड्याळजी भरवतात. माझा हात थरथरतो. त्यांचा हात आयुष्यभर केसाएवढे स्क्रू धरून तयार झालाय. तेरा तारखेला त्या तीन लेंड्या दिसल्या तेव्हा मी देवापुढे दिवा लावला आणि घड्याळजींनी त्या भिंगाखाली धरून बघितल्या. "चालू झालं," म्हणाले. बंद पडलेल्या घड्याळाचा काटा हलला की असंच म्हणतात.

आता दुसरं.

काल घड्याळजी टेबलाखाली उताणे पडून टेबलाच्या खणांना खालून नंबर घालत होते. बॉलपेन तीन आकडे लिहून बंद पडलं. झटकलं, पुन्हा बंद. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. मी विचारलं, पेनाला काय झालं? ते म्हणाले, "पेन उलटं धरलं की शाई खाली येत नाही. उताणं पडून लिहायचं तर पेन्सिलच."

मी स्वयंपाकघरात जाऊन तुझी तिन्ही पत्रं काढली.

वहिनी, पेन्सिलीनं तू तीन पत्रं लिहिलीस. एवढ्या दिवसांत पेन मिळत नाही अशी कुठली जागा आहे? दिवसभर झाडावरच्या पोपटांची वाट बघायला तुमच्या ट्रेनिंगमध्ये सुट्टी असते का? तो फोन मी गुरांच्या डॉक्टरांना विचारला, त्यांच्याकडून कोणी केलेला नव्हता. "पेशंटचा निरोप आहे." पेशंटसाठी निरोप नव्हे. पेशंटचा.

रविवारी तू चहा घेतला नाहीस. काय जेवतेस हे मी दोनदा विचारलं, तू दोनदा गवताबद्दल लिहिलंस. तूच मला शिकवलंस, तोंडाकडे बघायचं नाही, आत किती गेलं आणि बाहेर किती आलं ते बघायचं. तुझ्या पत्रांत आत काहीच गेलेलं नाही.

मला आकडे पाठव. शून्य असेल तर शून्य लिही.

वन्सं

२१ एप्रिल

ती. वन्संना नमस्कार.

शून्य.

आतड्यात गाठ होती, ती चार तारखेला काढली. पाच दिवसांत घरी सोडतो म्हणाले होते, पण टाके पिकले, आतलं शिवण सुटलं, म्हणून तेराला पुन्हा उघडलं. चार तारखेपासून पाठीवरच आहे. तोंडानं काही नाही, सलाइनवर. डॉक्टर रोज येऊन पोटाला कान लावतात आणि विचारतात, वारा सरला का? नाही म्हटलं की म्हणतात, मग अजून लंघन. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी हा शब्द दोनदा ऐकला. म्हणून नर्सला पळवलं. माझं चालेल, त्याचं चालणार नव्हतं.

गाठ कसली ते अजून कळलेलं नाही. तपासायला पाठवली आहे.

तुम्हाला का कळवलं नाही, ते लिहिते. दोन वर्षांपूर्वी याच इस्पितळाच्या दारात तुम्ही मला विचारलं होतंत, "एका घरात राहून तुला त्याचं दुखणं दिसलं कसं नाही?" पुढे तुम्ही तो विषय काढला नाहीत, मीही नाही. पण वन्सं, तो प्रश्न रोज माझ्याबरोबर जेवायला बसतो.

तुम्हाला एक ठाऊक नाही. शेवटच्या वर्षी मुनीमचं पोट सारखं बिघडायचं. मी त्याला डॉक्टरांकडे न्यायची, आणि तुमचा भाऊ बरोबर यायचा, खोकं धरायला. गवत तेच, पाला तोच, तरी का बिघडतं ते कळत नव्हतं. ते गेल्यावर मुनीमचं पोट पंधरा दिवसांत सुधारलं. खोकं आवरताना जुन्या गवताखाली पोळीचे वाळलेले तुकडे निघाले. मला जेवलो म्हणून सांगायचे आणि आपल्या ताटातलं त्याच्या खोक्यात सारायचे. मला संशय येऊ नये म्हणून. मी लेंड्या मोजत होते, वन्सं. पण सशाच्या.

मग मी कुठल्या तोंडानं तुम्हाला लिहिणार होते, की मलाही आता गाठ आहे?

वहिनी

२४ एप्रिल

चि. वहिनीस आशीर्वाद.

पत्र काल मिळालं. मी ते दोनदा वाचलं आणि घड्याळजींना एकदा वाचून दाखवलं. त्यांनी काल दुकान उघडलं नाही.

मी ते इस्पितळाच्या दारात बोलले, ते मला चांगलं आठवतं. बोलल्याबरोबर कळलं होतं की हे बोलायला नको होतं. पण बोललेलं परत घ्यायला पायरी उतरावी लागते, आणि मी थोरली. देवापुढे रोज बसले, देवाला सांगितलं, तुला सांगितलं नाही.

वहिनी, हा मुनीम माझ्या डोळ्यांदेखत तीन दिवस दुखणं लपवून बसला. माझ्या हातात वही होती. वहीत चौदा, शून्य, शून्य, असं माझ्याच अक्षरात होतं. आणि मी तुला लिहिलं, शहाण्यासारखा पडून आहे. मला दिसलं नाही. लपवणारा लपवतो तेव्हा बघणाऱ्याला दिसत नाही, एवढंच. ते वाक्य मी परत घेते. दोन वर्षं उशिरा घेते, तेवढा उशीर माझ्या खात्यावर.

पोळीच्या तुकड्यांचं वाचलं. पाच वर्षांचा असताना नावडती भाजी तो चौरंगाखाली लपवायचा. मी तेव्हाही कधी पकडलं नाही. वासानंच कळायचं, तेही दोन दिवसांनी.

तू गोष्टी पोटात ठेवतेस, वहिनी. पोटाला आता दुसरी कामं आहेत, हे पोटातलं मला दे.

मी कालच निघाले असते, पण मुनीमला अजून दिवसातून चारदा भरवावं लागतं. कालपासून घड्याळजी एकटे भरवतात. पोट चोळायलाही शिकवलं. त्यांना वाटलं हलकेच फिरवायचं, जशी किल्ली देतात. मी म्हटलं, तशीच द्या. मोजणीही शिकवली. मिरीचं कोणी विचारलं तर काय सांगायचं, तेही. काल एकशे सत्तर झाल्या, आणि पहाटे तो पुन्हा मागे तोंड घालून आपलं दुसरं ताट जेवला. मी जप थांबवून बघितलं. वाईट वाटलं नाही. चवीनं जेवत होता.

शनिवारच्या सकाळच्या गाडीनं निघते. वही घेऊन येते. तिच्यात तुझ्यासाठी वेगळं पान केलंय, डावीकडे 'गेले', उजवीकडे 'आले'. मला काही सांगायचं असलं तर मोठ्यानं ओरडू नकोस, टाके आहेत. बोटांनी दाखव.

गाठीचं काय यायचं ते येऊ दे. ते ऐकायला खोलीत आपण दोघी असू. मला ऐकू येणार नाही, पण मी असेन.

वन्सं

२९ एप्रिल

ती. भावोजींना नमस्कार.

वन्सं काल संध्याकाळी पोचल्या. वॉर्डात आल्या आल्या त्यांनी आधी माझ्या खाटेखालचा केर काढला, मग नर्सला विचारलं, इथे रोज पुसतात का? नर्स काहीतरी म्हणाली. वन्संना ऐकू आलं नाही, त्यामुळे त्यांनी स्वतःच पुसलं. मग खुर्ची ओढून माझ्या पोटावर हात ठेवून बसल्या, मुनीमच्या ठेवतात तशा. हलवला नाही, नुसता ठेवला. थोड्या वेळानं त्यांनी माझा हात उलटा करून तळव्यावर बोटानं लिहिलं, काय दुखतं? मी त्यांच्या तळव्यावर लिहिलं, सगळं. त्यांनी मान हलवली.

गाठीचा रिपोर्ट सोमवारी येणार म्हणतात. आज रविवार. मी घड्याळाकडे बघते आणि वन्सं माझ्याकडे बघतात. आत्ता त्या खुर्चीतच झोपल्यात, वही मांडीवर आहे.

निजण्याआधी त्यांनी बजावलंय की तुम्हाला आजचे आकडे लिही आणि मुनीमचे मागव. शनिवार-रविवारचे, खाडाखोड न करता. तुम्ही त्याला बिस्किट दिलं असेल तर तेही लिहा, त्या म्हणाल्या, तुमच्या अक्षरावरून कळतंच.

माझं पान असं. पहाटे वारा सरला. डॉक्टरांनी पोटाला कान लावला आणि हसले. सकाळी कोमट पाणी, तीन चमचे. दुपारी भाताची पेज, पाच चमचे, वन्संनी भरवली. एक चमचा उशीवर सांडला. तो त्यांनी 'गेले'मध्ये धरला नाही. संध्याकाळी सहा चमचे. त्यानंतर मला उशीला टेकवून बसवलं.

'आले'खाली अजून शून्य आहे. वन्सं म्हणतात, मुनीमलाही तेरा तारखेपर्यंत थांबावं लागलं होतं.

पेन त्यांनी तुमच्या दुकानातून आणलंय. अक्षर कसं आलंय ते तुम्हीच बघा.

तुमची वहिनी